महानंदाबाईंचं बेट

महानंदाबाईंना घाईचं लहानपणापासून वावडं. शाळेत शिकवायच्या तेव्हाही, घंटा झाली तरी फळ्यावरचं वाक्य पुरं केल्याशिवाय त्या खडू खाली ठेवत नसत. निवृत्त झाल्यावर तर आंधळा मागतो एक डोळा अशी गत झाली. दिवसच्या दिवस मोकळे मिळाले आणि नोकरीसाठी बंगळूरला गेलेल्या उर्वीचा, म्हणजे लेकीचा, जुना कॉम्प्युटरही मिळाला.

त्यावर उर्वीने एक खेळ घालून दिला होता. त्यात कोणी कुणाला मारत नाही, कुठलं घड्याळ पळत नाही. एक ओसाड बेट, निघून गेलेल्या माणसांची घरं आणि कुलपंच कुलपं. खोल्या हिंडायच्या, वस्तू उलटून बघायच्या, चिठ्ठ्या वाचायच्या आणि विचार करत बसायचं. सोलापूरच्या दुपारी, जेव्हा कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, तेव्हा याहून शहाणपणाचं काम दुसरं कुठलं असणार?

शेजारच्या अनवरीभाभी आल्या होत्या विरजण मागायला, आणि बसल्या त्या बसल्याच. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून महानंदाबाई चिठ्ठ्या मराठीत सांगायच्या. पण ब्लाउजांना हूक लावून लावून भाभींची नजर तयार झालेली. "अक्का, त्या कपाटाखाली काय चमकलं बघा की," त्या म्हणायच्या आणि तिथे काहीतरी असायचंच. फक्त ते उचलायची वेळ आली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "घरात मानूस न्हाय, आन आपण त्येंच्या चीजेला हात लावायचा?" मग महानंदाबाई आधी त्या घराच्या दारावर दोनदा टकटक करून दाखवायच्या, तेव्हा कुठे भाभी राजी व्हायच्या. एकटीने खेळायचं नाही, असं दोघींचं ठरलेलं होतं.

भाभींचा मुलगा आवेज पुण्यात. त्याची समरा अजून रांगतही नव्हती आणि सुनेची रजा संपत आलेली. आईने आता कायमचं पुण्याला यावं म्हणून तो मागे लागला होता. "एवढा खेळ संपू दे बाबा, मग येते," भाभींनी त्याला सांगून टाकलं. अम्मी चेष्टा करतेय असं त्याला वाटलं. अम्मी मुळीच चेष्टा करत नव्हती.

आणि खेळ येऊन ठेपला शेवटच्या दारापाशी. उंच दीपगृह, दार बंद. वरून दोरीला बांधलेली टोपली खाली आली, तिच्यात पाव. पाव काढून घेतला, टोपली वर गेली, दार काही उघडलं नाही.

संध्याकाळी भाकरीचं पीठ मळताना महानंदाबाईंना उत्तर सुचलं. टोपलीत आपल्याकडचं काहीतरी घालून पाठवायला हवं. सुचलं, पण त्यांना आनंद काही झाला नाही. दार उघडलं की खेळ संपणार, खेळ संपला की भाभी जाणार. नवरा गेला तेव्हाही त्यांना एकटेपणाची एवढी भीती वाटली नव्हती, कारण तेव्हा भिंतीपलीकडे भाभी होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपली रिकामीच वर पाठवली. पुढेही रोज तेच. मधूनच उगाच एखादी कळ फिरवायच्या आणि सुस्कारा सोडायच्या, "काही सुचंना बाई." जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या दिल्या आणि म्हातारपणी हे नाटक.

एका दुपारी भाभींनी सुई बाजूला ठेवली.

"अक्का, एक इचारू? इतकी वर्सं माझ्या घरनं तुमाला डबा येतो. एकदा तरी त्यो मोकळा परत धाडलाव? काय नसलं तर चिमूटभर साखर घालून धाडता. आन ही टोपली रोज रिकामी धाडायलाव."

महानंदाबाईंची मान खाली गेली. "कधी कळलं तुमाला?"

"पयल्याच दिशी."

"मग बोलला का न्हाय?"

"मला तरी कुटं जायची घाई हाय?"

"तुमी जाऊ नये असं वाटतं मला," महानंदाबाई म्हणाल्या. "लई वाटतं."

भाभींनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आवेजचा. त्यांनी तो उचलला. समराचं रडणं खोलीभर ऐकू येत होतं, आणि तिला गप्प करता करता थकलेल्या सुनेचा आवाजही.

महानंदाबाईंनी बेटावर सापडलेला शंख टोपलीत ठेवला आणि टोपली वर पाठवली. दार उघडलं. आत काय आहे ते दोघींपैकी कुणीच पाहिलं नाही. त्यांनी भाभींच्या हातातून फोन घेतला.

"आवेज, मी काकू बोलते. रविवारी येऊन अम्मीला घेऊन जा. आमचा खेळ झाला," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवेपर्यंत त्यांनी आवाज हलू दिला नाही.