न भाजलेला तुकडा

काळजी करण्यात आमच्या साडूंचा हात धरील असा माणूस शहापूर-मुरबाड या दोन तालुक्यांत सापडायचा नाही. कुलूप लावून तीनदा ओढून बघतील आणि वाटेतून परत फिरून चौथ्यांदा. मातीच्या पिशवीवर नंबर घालतील, आत चिठ्ठी टाकतील, शिवाय तोच नंबर मनगटावर लिहितील. जन्म किन्हवलीचा. पेरणीआधी पालापाचोळा आणि शेण पसरून रोपांची जागा भाजतात, त्या राबाच्या धुरात लहानपणीच त्यांना पहिली काळजी लागली, की मातीतले बारीक जीव आता जातील कुठे? त्यापायी ते शिकत गेले, डॉक्टरेट मिळवून लांबच्या शहरात मोठ्या प्रयोगशाळेत लागले. तिथे माती पार्सलने यायची. कुठल्या शेतातली कोण जाणे, या घोराने त्यांची झोप उडाली. शेवटी नोकरी सोडून ते मुरबाडला कॉलेजात शिकवायला आले.

विद्यार्थ्यांना ते शिकवतात त्याहून जास्त फोन करतात. उंबरमाळीची एक मुलगी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होती. रोज संध्याकाळी तिला विचारायचे, "पोचलीस? माती पोचली?" तिचा सगळा प्रबंध साडूंच्या घरच्या शेतातल्या दोन वाफ्यांवर उभा होता. एक भाजलेला, एक मुद्दाम न भाजलेला. तिसऱ्या वर्षी, मातीतल्या जीवांच्या शेवटच्या मोजणीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या वहिनींनी दुसराही भाजून टाकला. "भावजी, तुमी अर्धा राब इसरलात. मीच भाजला," त्या मायेने म्हणाल्या. मुलगी बांधावर मटकन बसली. तीन वर्षं धुरात गेली होती. साडू मात्र वहिनींना "बरं केलंत" म्हणाले आणि बांधापलीकडच्या माझ्या शेताकडे वळले. तिथला एक कोपरा ते तीन वर्षं मला भाजू देत नव्हते. का म्हणून विचारलं, की "असू दे रे, काळजी वाटते" एवढंच. मी पुरता वैतागलो होतो. त्या कोपऱ्यातल्या मातीतलेही जीव ते दर वर्षी गुपचूप मोजत होते. प्रबंध तरला.

मुलगी आता नोकरीला आहे. तरी दर उन्हाळ्यात साडूंचा मला फोन येतोच, "तुकडा भाजला नाहीस ना?" यंदा आला नाही. परवा त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि अजून शुद्ध आलेली नाही. आमच्या घरात कोणाला घास जात नाही. आज सकाळी दवाखान्यातून त्या मुलीचा फोन आला.

"काका, तो तुकडा भाजला नाय ना? सर डोळे उघडतील तं पयलं हेच इचारतील."

"नाय भाजला गो," मी म्हटलं.

फोन ठेवून शेतावर जाऊन बघून आलो. मग अर्ध्या वाटेतून परत फिरलो आणि पुन्हा एकदा बघितला.