माईंनी तंबू निवडला

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात, टेकचंदच्या शेडमध्ये, ती पत्र्याची गाडी जॅकवर उभी होती. आत समोरासमोर दोन बाकं, स्टोव्हपुरता ओटा आणि मागच्या कोपऱ्यात एक रिकामा चौकोन. त्या चौकोनात काय बसवायचं हे ठरवायला माईंना अंबरनाथहून रिक्षात घालून आणलं होतं.

"बैठो माताजी," टेकचंदने स्टूल फडक्याने पुसलं. "गाडी आपकी, तो पसंद भी आपकी. मैं तो साईं को भी यही बोला."

साईं म्हणजे माईंचा मुलगा गुरुदत्त, एमआयडीसीतल्या कारखान्यात ऑफिसर. जीपमागे जोडायची घरासारखी गाडी त्याने कुठल्याशा परदेशी मासिकात पाहिली आणि ती त्याच्या डोक्यात बसली. कारणही तसंच होतं. माईंना मुतखड्याने पुरतं पोखरलं होतं. डॉक्टरांनी दम भरला होता, "आजी, सतत पाणी प्या आणि लघवी अडवू नका. एक मूत्रपिंड गेल्यात जमा आहे, दुसरं तरी सांभाळा." माईंना मात्र कोकणात कुलदेवीला जायचं होतं. नातीसाठी, नीलिमासाठी, बोललेला नवस अजून फिटला नव्हता. एवढ्या लांब एसटीने जायचं, तर वाटेत म्हातारीने बसायचं कुठे?

"तीन आयटम है," टेकचंद सांगू लागला. "एक, ये लकडी का डब्बा. ऊपर सीट, नीचे बालटी, बालटी में भूसा. दो, ये पेटी. ऊपर पानी, नीचे मैले की टाकी. नीली दवा डालो, बास नहीं. एकदम इम्पोर्टेड!"

"इम्पोर्टेड की तीन नंबर मेड?" गुरुदत्त हसला.

"साईं, माल इधर का, दिमाग उधर का! और तीसरा, तंबू. रोड के बाजू में खड्डा खोदो, तंबू लगाओ, बाद में मिट्टी डालो. खलास."

माईंनी पेटीला दुरूनच न्याहाळलं. "ही भरली की?"

"हँडल है ना, माताजी. खींचो, ले जाओ, खाली करो."

"ते कळलं रे बाबा. नेणार कोण?"

गुरुदत्त जॅककडे बघायला लागला. सून कुमुदिनी मात्र चटकन म्हणाली, "मी नेईन की, माई. नीलिमाचं नाही का केलं सगळं?"

"ते लेकराचं होतं."

"मग? तुम्ही काय परक्या आहात?"

माईंच्या डोळ्यांपुढे बदलापूर गावातलं सासर उभं राहिलं. परसातला टोपलीचा संडास, मागच्या गल्लीतून येणारी ती बाई आणि पत्रा खरवडल्याचा आवाज. सासूबाई ओरडायच्या, "लांब हो गं, सावली पडेल!" नवी नवरी असलेल्या माई शिळी भाकरी वरूनच तिच्या पदरात टाकायच्या. ती बाई तेव्हा असेल आत्ताच्या कुमुदएवढी. आपली घाण तिने उचलायची याची लाज वाटायची, आणि तिचा विटाळ व्हायची भीतीही वाटायची. दोन्ही एकाच वेळी. मग माई दुपारनंतर पाणीच प्यायच्या नाहीत. तहान मारायची विद्या तेव्हा शिकल्या, ती अंगातच मुरली.

आता डब्बा काय नि पेटी काय, त्यांना दिसत होती ती टोपलीच. आणि ती धरलेली कुमुद.

"तंबू," माई म्हणाल्या.

"अगं, तुला गुडघे वाकवता येत नाहीत," गुरुदत्त म्हणाला.

"जन्मभर उकिडवीच बसलेय. माझी सून ते काम करणार नाही."

"माई, मला चालतंय म्हटलं ना!" कुमुदिनी कळवळून म्हणाली.

"मला नाही चालत."

गुरुदत्तचे खांदे सैल पडलेले माईंना दिसले. नव्या गाडीत वास नको, असं त्यालाही वाटत असणार. तो म्हणाला, "राहू दे कुमुद, तिच्या मनासारखं होऊ दे." रिकाम्या चौकोनात पाण्याचं पिंप बसलं.

नीलिमाला आजोळी ठेवून तिघं निघाली. जीप गुरुदत्त चालवत होता, सासू-सून मागच्या गाडीत होत्या. पेणच्या पुढे पहिल्यांदा तंबू लावला. कुमुदिनी दोन्ही हातांनी पडदे धरून उभी राहिली. माई आत जेमतेम टेकल्या आणि एक ट्रक भरधाव गेला. त्याच्या वाऱ्यासरशी कापड वर उडालं. शेताच्या बांधावरची माणसं बघत राहिली, एकजण फिदीफिदी हसला.

"कोणी नाही बघितलं, माई."

"हो गं," माई लुगडं सावरत म्हणाल्या.

त्यानंतर कुमुदिनी पेला भरून द्यायची, आणि ती स्टोव्हकडे वळली की माई तो खिडकीबाहेर रिता करायच्या.

"प्यायलात?"

"प्याले गं बाई. बेडकासारखं पोट झालंय."

"मग उतरायचं का?"

"आत्ता नको. पुढे बघू."

पुढे, पुढे करत महाड आलं. चहाला थांबल्यावर कुमुदिनी खाली उतरली आणि गाडीच्या पत्र्याकडे बघतच राहिली. सगळा पत्रा धुळीने लाल झालेला, फक्त माईंच्या खिडकीखाली ओले ओघळ.

"माई, हे काय?"

कुमुदिनीने आत चढून माईंना हात लावून पाहिला, तर अंग चटके देत होतं, आणि कमरेतल्या कळेने माई बाकाची कड घट्ट धरून बसल्या होत्या.

"अहो!" ती किंचाळली. "गाडी दवाखान्यात घ्या!"

दवाखान्यात सलाईन लावलं, लघवीसाठी नळी घातली. पलंगाला पिशवी टांगली. कुमुदिनी सारखी वाकून बघायची. पिशवीच्या तळाशी कोऱ्या चहासारखं एवढंसं काहीतरी, बस्स.

पिशवी रिकामी करायला तिने भांडं घेतलं तशी माई पुटपुटल्या, "ठेव ते. नर्स येईल."

"भरू दे ना हो, माई," कुमुदिनीचा आवाज फाटला. "दहादा उपसेन. आधी भरू तर दे."

पिशवी भरली नाही. माईंचे पाय सुजले, मग तोंड. डॉक्टरांनी गुरुदत्तला व्हरांड्यात बोलावलं. "दुसरंही मूत्रपिंड बंद पडतंय. मुंबईला हलवा. आणि आता तोंडाने पाणी द्यायचं नाही, अंगात साठेल. फार तर ओठ ओले करा."

गुरुदत्त आत येऊन खाली मान घालून उभा राहिला. "माई, परत फिरावं लागतंय. देवीला मग जाऊ."

माईंनी मान हलवली, होकार की नकार ते कळलं नाही. त्यांची नजर खिडकीतल्या माठावर खिळली होती.

"कुमुद," त्या म्हणाल्या, "पाणी दे गं. पेलाभर."

कुमुदिनी हातात ओला कापूस घेऊन उभी राहिली.

"देते, माई," ती म्हणाली, आणि कापूस त्यांच्या ओठांवर टेकवला. माईंनी तो चोखला. पुन्हा तोंड उघडलं, चिमणीच्या पिल्लासारखं, आणि उघडंच ठेवलं.