आत्याला न विचारता दिलेलं भाषण

आई गेल्यावर मला आत्यानं वाढवलं. विधवा बाई, मेडशीला आमच्याच घरी राहायची. वाशीमच्या कॉलेजात शिकताना मला अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं वेड लागलं. गुलाम करून नेलेल्या त्या माणसांना मालकानं आपलं आडनाव दिलं, आपला देव दिला. पुढं त्यांच्यातल्या काहींनी दोन्ही फेकून दिलं, वेगळा धर्म धरला, स्वतःच्या शाळा आणि दुकानं काढली, सूट-टाय घालून चौकात स्वतःचा पेपर विकला. वाचून अंगावर काटा यायचा. हे तर आपलंच, वाटायचं. आमच्या आजोबांच्या पिढीनंही बौद्ध होताना घरातले देव सुपात भरून नदीत सोडले होते.

एका रविवारी विहारात हेच बोलायला उभा राहिलो. आत्या पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. शेजारणीला सांगून राह्यली होती, "माहा भाचा हाय."

टाळ्या पडल्या आणि त्या माझ्या डोक्यात गेल्या. अमेरिका संपवून मी म्हणालो, "मालकाचा देव तिकडच्यायनं फेकला. अन् आपण? दर रविवारी बावीस प्रतिज्ञा म्हणतो अन् पिठाच्या डब्यात देवीचा टाक लपवतो! दुसऱ्याचं कायले, माह्याच घरचं सांगतो."

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बोटभर देवी. आमच्या घरात पीठ कोण मळतं, हे साऱ्या वस्तीला माहीत. टाळ्या अजून जोरात पडल्या. आत्या उठली, पदर सावरला, चपला शोधल्या आणि गेली. मी मनात म्हणतोय, खरं बोलायला हिंमत लागते. मूर्ख लेकाचा!

संध्याकाळी तिनं पिशवी भरली आणि कामरगावला लेकीकडं निघून गेली. आठ दिवसांत येईल, असं मी बाबांना छातीठोक सांगितलं. तीन वर्षं झाली.

मी जायचो अधूनमधून. वाशीम, कारंजा, मग जीप. ती पोटभर जेवू घालायची. "घरी चाल" म्हटलं की "पाहू" म्हणायची. माफी मात्र मी एकदाही मागितली नाही. मुद्दा माझा बरोबर होता ना!

गेल्या हिवाळ्यात तिची किडनी गेली. लेकीचा फोन आला तसा पळालो. ती खाटेवर पडलेली, मनगट एवढंसं झालेलं. तेव्हा कुठं माझ्या तोंडून निघालं, "आत्या, चुकलो मी."

"राग नाही रे बाबू," ती म्हणाली. "मले पयलं पोरगं होतं. दोन वर्साचं, तापात गेलं. तो टाक हाती धरून खेळे. देवी-फिवी कायची? म्यां कधी पूजा केली का? पिठात ठेवला, रोज हात लागे म्हणून. तूनं इचारलं असतं तं सांगतलं असतं."

मी रडलो. लाज वाटत होती, तरी रडलो.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "त्या तिकडच्या लोकायच्या आयाईनं काय केलं रे? त्यायनं बी सारं फेकलं का?"

एवढं वाचलं होतं मी! नेत्यांचं, सभांचं, तुरुंगांचं. त्यांच्या म्हाताऱ्या आया घरात काय जपून ठेवत, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

"माहीत नाही, आत्या."

तिनं पाणी मागितलं. पाजता पाजता मी म्हणालो, "आता घरी चाल." तिनं मान हलवली. "नको. लोकं माह्या तोंडाकडं पाह्यतीन."

आठव्या दिवशी ती गेली, तिथंच.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमानंतर जेवणं चालली होती. तिथल्या विहाराचे एक पदाधिकारी हात धुऊन माझ्याजवळ आले. "तुमचं ते अमेरिकेचं भाषण आमच्या गावात एकदा होऊ द्या," म्हणाले. "लय परिणाम होते म्हणतात लोकायवर."

होतो ना परिणाम. माझी आत्या लेकीच्या दारात मेली.