वरवंट्याचं बारसं

मुंबईत रिक्षा फक्त आजारी माणसांसाठी असते, असं माझं फार जुनं मत होतं. चालता येत असेल तर चालावं, चालवत नसेल तर बसने जावं आणि बसही जमत नसेल तर मुळात घरातून निघूच नये. या मतामुळे आमच्या घरातली माणसं कुठे कुठे आणि किती चालली आहेत, ते त्यांनाच विचारा. (नका विचारू. हे लगेच पायाचा अंगठा दाखवतात.)

२०१४च्या डिसेंबरात माझ्या भावाच्या मुलाचं बारसं होतं. सुधीर, माझा धाकटा भाऊ, गोरेगावला राहतो. लग्नानंतर अकरा वर्षांनी त्याच्याकडे पाळणा हलला होता. त्या अकरा वर्षांत वहिनीने किती दवाखाने पालथे घातले आणि मी माहेरी नरपडला जाऊन देवापुढे किती नारळ फोडले, ते आम्हा दोघींनाच ठाऊक. त्यामुळे बाळाच्या कानात नाव सांगणार ती मी, हे कुणी ठरवण्याचा प्रश्नच नव्हता. मी एकुलती एक आत्या. नावही मीच शोधलं होतं आणि कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं. ह्यांनासुद्धा नाही. (ह्यांच्या पोटात काही राहत नाही.)

"ताई, सोसायटीचा हॉल दुपारी बारापर्यंतच मिळालाय," सुधीर फोनवर म्हणाला. "नंतर दुसऱ्यांचा साखरपुडा आहे. बोरिवलीला एसटीतून उतरलीस की सरळ रिक्षा कर."

"का? आम्ही काय आजारी आहोत?"

"पैसे मी देतो गं."

"तू देतोस म्हणून काय ते पैसे नाहीत? लाल बसचा दिवसभराचा पास मिळतो. एकदा काढला की कुठल्याही बसमध्ये बसा, कुठेही उतरा. तू आमची काळजी सोड."

सुधीरने काळजी सोडली नाही, पण विषय सोडला. "आणि वरवंटा लागतो म्हणे बारशाला. आमच्याकडे मिक्सर आहे फक्त. शेजारी कुणाकडे मिळतो का बघतो."

बाळाला पाळण्यात घालायच्या आधी दुपट्यात गुंडाळलेला वरवंटा पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात. बायका 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत तो एकमेकींच्या हातात देतात. माझ्या भाच्याच्या बारशाला शेजारणीचा वरवंटा? मी माझाच घेऊन यायचं ठरवलं. माझ्या आईने रुखवतात दिलेला, काळ्या दगडाचा, माझ्या संसाराइतकाच जुना.

पहाटे तलासरीहून आम्ही तिघं निघालो. मी, हे आणि सासूबाई. ह्यांच्याकडे चिकूची करंडी, सासूबाईंच्या मांडीवर वहिनीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि माझ्या पिशवीत वरवंटा. एसटीत चढताना त्या पिशवीचा तळ फाटला आणि वरवंटा ह्यांच्या अंगठ्यावर पडला. (हाच तो अंगठा.) मग मी बाळासाठी घेतलेलं नवंकोरं दुपटं काढलं, वरवंटा त्यात नीट गुंडाळला, वर टोपडं घातलं आणि खांद्याशी धरला. ओझं असं धरलं की हाताला कमी लागतं.

बोरिवलीला आम्ही वेळेत पोचलो, पण बस मिळेपर्यंत साडेदहा वाजून गेले. लाल बसमध्ये चढलो, तिघांचे पास काढले. बस भरलेली होती. एवढ्यात एक बाई उठून उभ्या राहिल्या.

"बसा ताई. बाळ आहे ना तुमच्याकडे."

इथे मी खरं सांगायला हवं होतं. पण वरवंटा जड होता, सीट खिडकीची होती, आणि बाई इतक्या मायेने उठल्या होत्या की त्यांचं मन मोडणं माझ्या जिवावर आलं. मी बसले. आणि बसल्यावर हात आपोआप थोपटायला लागला, त्याला मी काय करणार? हे माझ्याकडे एकदा बघून खिडकीबाहेर बघायला लागले आणि मग तिकडेच बघत राहिले.

"किती दिवसांचं आहे?" बाईंनी विचारलं.

"अजून बारसं व्हायचंय," मी म्हटलं. यात एक शब्द खोटा नव्हता.

"अगदीच लहान आहे हो. एवढ्या थंडीत बसने कशाला निघालात? रिक्षा करायची ना."

रिक्षाचं नाव निघाल्यावर मला गप्प राहवेना. "सवय लागली पाहिजे हो लहानपणापासून," मी म्हटलं आणि टोपडं जरा पुढे ओढलं.

"किती शांत आहे! हूं नाही की चूं नाही."

"आमच्या घरचं वळणच आहे तसं."

मागून सासूबाई काहीतरी बोलत होत्या. मी न ऐकल्यासारखं केलं. तेवढ्यात बसने गचका खाल्ला, दुपटं सरकलं आणि बाईंनी ते सारखं करायला म्हणून हात आत घातला. डिसेंबरातली सकाळ, त्यात दगड. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं बाई, अंग बर्फासारखं थंड पडलंय! कंडक्टर, बस थांबवा. बस थांबवा, बाळ काही हालचाल करत नाहीये."

घंटी वाजली. बस रस्त्याच्या कडेला थांबली. पुढून ड्रायव्हर उठून आला, कुणी पाण्याची बाटली पुढे केली, कुणी म्हणालं पुढच्याच वळणावर दवाखाना आहे, तिकडेच घ्या बस. बाईंचे डोळे भरून आले होते. मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण बसमध्ये तीही सोय नव्हती. मी टोपडं काढलं.

सगळी बस त्या काळ्या दगडाकडे बघत राहिली.

"मी केव्हाची सांगत्येय," सासूबाई मागून म्हणाल्या, "चटणी वाटायचा आहे तो."

कुणी ओरडलं असतं तर परवडलं असतं. पण त्या बाई डोळे पुसून नुसत्या "देवाची कृपा" म्हणाल्या, आणि कंडक्टर अगदी हळू आवाजात म्हणाला, "मावशी, सीट पाहिजे होती तर मागायची ना." मला इतकी लाज वाटली की पुढच्या स्टॉपची वाट न बघता मी तिथेच उतरले. माझ्या मागून करंडी घेऊन हे उतरले आणि लाडू घेऊन सासूबाई.

"आता रिक्षा," हे म्हणाले.

"कशाला? पास आहे ना. दुसऱ्या बसने जाऊ."

"कुंदा, त्यांना तोंड दाखवायची सोय नाही म्हणून आपण उतरलोय."

"ती बस गेली. दुसऱ्या बसला काय माहीत आपण कोण ते?"

समोर एक मोठं फाटक होतं आणि आत ओळीने लाल बस उभ्या होत्या. त्यातली एक सुरूच होती, इंजिन घुरघुरत होतं आणि आत चिटपाखरू नव्हतं. आता, ज्याने जन्मभर तलासरी नाक्यावर काळ्या-पिवळ्या जीपची वाट बघितली आहे, त्याला रिकामी गाडी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आमच्याकडे जीप भरल्याशिवाय हलत नाही. भरली की आणखी दोघांसाठी थांबते. कासा गाठेपर्यंत कुणाचा तरी गुडघा तुमच्या बरगडीत असतोच. त्यामुळे रिकामी गाडी दिसली की आधी बसायचं, जागा धरायची, आणि कुठे जाते ते मग सावकाश विचारायचं.

आम्ही मागच्या दाराने चढलो आणि तिघांनी तीन खिडक्या धरल्या. सासूबाई माहेरच्या झाईच्या, गुजरातच्या वेशीवरच्या. त्या खूश झाल्या की तिकडचे शब्द बाहेर येतात. "एकदम सरस बस आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हवा यावी म्हणून आपली खिडकी पुरी उघडली, मग माझी उघडली, मग मागची.

"कोणी विचारलं का, कुठे जाते?" ह्यांनी विचारलं.

"भरेपर्यंत वेळ आहे. विचारू."

पण बस भरायची वाट न बघता निघाली. पुढे ड्रायव्हरच्या जागेवर निळ्या कपड्यातला एक माणूस बसला होता आणि त्याने मागे बघितलंही नव्हतं. माझा ऊर भरून आला. "बघा," मी ह्यांना म्हटलं, "तीन माणसांसाठी गाडी सोडली. आपल्याकडे सोडतील का? उगीच नाही लोक मुंबईला नावाजत."

बस फाटकाकडे गेली नाही. ती शेडच्या मागे वळली, हळू झाली आणि एका उंच चौकटीसमोर उभी राहिली. चौकटीच्या दोन्ही बाजूंना दोन गोल ब्रश उभे होते, प्रत्येक माणसापेक्षा उंच.

"हे काय असेल?" सासूबाई म्हणाल्या.

ब्रश फिरायला लागले. पाणी आलं. डावीकडून आलं, उजवीकडून आलं, वरच्या झडपेतून आलं, आणि सासूबाईंनी उघडलेल्या तीनही खिडक्यांतून साबणासकट आलं. मी वरवंट्यावर पदर धरला. (का, ते मला आजही सांगता येणार नाही.) हे "थांबवा, थांबवा" म्हणत पुढे धावले ते घसरून सीटखाली गेले आणि त्यांच्यामागून करंडीतले चिकू. सासूबाई मात्र डोळे घट्ट मिटून, हात जोडून बसून होत्या. त्यांना वाटलं वसईची खाडी आली.

ड्रायव्हरला ओरडा ऐकू गेला तोवर आमची स्वच्छ धुलाई झाली होती. त्याने मागे वळून बघितलं आणि तो बिचारा आमच्याहून जास्त घाबरला. "अहो, ही गाडी धुवायला चाललीय. तुम्ही आत कसे?"

"पास आहे आमच्याकडे," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

आम्हाला खाली उतरवलं. कुणी टॉवेल आणला, कुणी कँटीनमधून चहा आणला. झाडलोट करणाऱ्या एक मावशी सासूबाईंचं डोकं पुसायला लागल्या. आणि एवढ्यात लाडवांच्या डब्यातून फोन वाजला. (पाकीटमारांच्या भीतीने ह्यांनी तो लाडवांत ठेवला होता, म्हणून वाचला.)

"ताई, कुठे आहेस?" सुधीरचा आवाज रडवेला झाला होता. "साखरपुड्याची माणसं येऊन दारात उभी आहेत. हॉल सोडायला सांगतायत. आता तू येऊन पोचणार नाहीस. तुझ्या वहिनीची मामी म्हणतेय, ती सांगते कानात. नाव काय ठरवलंयस तेवढं सांग."

अकरा वर्षं मी हा एक क्षण मनात धरून ठेवला होता. रात्री झोप लागली नाही की ते बाळ कसं असेल, त्याच्या कानाशी मी कशी वाकेन, हेच बघत पडायची. आणि आता तो क्षण मी माझ्या हाताने, माझ्या कंजूषपणाने घालवला होता. मी फोन कानाला धरून चक्क रडायला लागले. त्या धुतलेल्या बसच्या शेजारी, अंगातून साबणाचं पाणी गळत असताना, वरवंटा कवटाळून.

निळ्या कपड्यातल्या ड्रायव्हरने ह्यांच्याकडून सगळी हकीकत काढून घेतली. मग तो म्हणाला, "ताई, मामीला नाव कशाला देता? फोनवरून तुम्हीच सांगा ना. बाळाला काय, कान तर तोच."

"असं कसं? पाळणा नको? गोविंद-गोपाळ नको?"

झाडलोटवाल्या मावशींनी आमची रिकामी करंडी उचलून बाकावर ठेवली. "हा घ्या पाळणा. द्या इकडे तुमचं ते बाळ."

सुधीरने तिकडे फोन स्पीकरवर टाकला. इकडे मावशींनी आणि सासूबाईंनी माझा वरवंटा करंडीच्या वरून-खालून फिरवला आणि आत निजवला. डेपोतली सात-आठ माणसं टोप्या काढून उभी राहिली. सुधीर म्हणाला, "ताई, धरलाय फोन त्याच्या कानाशी." मी करंडीवर वाकले, तोंडाशी फोन धरला आणि म्हटलं, "कुर्रर्र... केदार."

आत्याने नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. मावशींनी हलकाच घातला. सासूबाईंनी मात्र असे घातले की एवढ्या वर्षांचं सगळं त्यात आलं. (रिक्षा नको म्हणून मी त्यांना घडवलेली तीन-चार मैलांची पायपीट, चारोटी नाक्यावर उन्हात जीपची वाट बघत काढलेले तास, सगळं.) फोनमधून एक बारीकसा टाहो ऐकू आला आणि डेपोत टाळ्या पडल्या. मी रडत होते आणि हसत होते, आणि तो आवाज संपू नये असं वाटत होतं. मग आम्ही उरलेले चिकू धुऊन वाटले. धुवायला पाणी भरपूर होतं.

सुधीरच्या घरी आम्ही रिक्षाने गेलो. पैसे ह्यांनी दिले आणि मी एक अक्षर बोलले नाही. वहिनीने दारातच बाळ माझ्या हातात दिलं. मी पुन्हा एकदा, अगदी हळू, त्याच्या कानात त्याचं नाव सांगितलं. बाळ ऊबदार होतं आणि वरवंट्यापेक्षा पुष्कळच हलकं.

केदार आता साडेचार वर्षांचा आहे. मे महिन्यात तलासरीला आला की तो चपला काढायच्या आधी स्वयंपाकघरात धावतो आणि पाट्यावरच्या वरवंट्याला हात लावून येतो. ही गोष्ट त्याला सासूबाईंनी इतक्यांदा सांगितली आहे की त्यात त्याला आता काही नवल वाटत नाही. परवा त्याने विचारलं, "आत्या, त्याचं नावपण केदार आणि माझं नावपण केदार. तू दुसरं नाव का नाही आणलंस?"

मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "तुझी आत्या आहे बाळा ती. एकात भागत असेल तर ती दुसरं कशाला काढेल?"