सोलफुल डीप हळद

धानोऱ्याच्या भूपेशला गाण्यापेक्षा गाण्याच्या जातीत जास्त रस. लग्नात कुणी गावाकडच्या नाचासाठी 'टिमली लाव' म्हटलं, की हा डीजेच्या टेबलामागून समजावणार: आत्ता वाजतंय ते टेक-हाऊस, मघाशी वाजलं ते मिनिमल टेक्नो. पाहुणे माना डोलवायचे आणि दोन्हींवर टिमलीच नाचायचे. या अडाणीपणाचा भूपेशला मनापासून त्रास व्हायचा.

अलीकडे त्याला नवंच खूळ लागलं होतं. मोबाइलवर कुठल्याशा डीजेनं सांगितलं, की टेक्नोचं मूळ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सोल संगीतात आहे, आणि मूळ सापडलं तरच ठोक्यात जीव येतो. झालं, भूपेश मूळ शोधायला निघाला. ते घरातच निघालं. त्याची आत्या, जमनाबाई फुई, हळदीची गाणी म्हणायची आणि त्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. पण डीजे आल्यापासून तिला फारसं कोणी विचारेना, म्हणून ती भाच्याशी धड बोलेना. खापर गावातल्या एका लग्नात ती गात होती, तेव्हा भूपेशनं गुपचूप रेकॉर्ड केलं, त्यातली एक ओळ सॅम्पल म्हणून कापली, खाली ठोका घातला आणि नाव दिलं 'सोलफुल डीप टेक्नो'.

पहिला मान बहिणीच्या हळदीला. दुपारी चारुलता पाटावर बसली, भूपेशनं आवाज वाढवला, पोरी नाचायला उठल्या. फुईचा आवाज मांडवभर पुन्हा पुन्हा सांगू लागला, 'रूपचंद मामा, हळद लावा.'

आता हळदीच्या गाण्यात ज्याचं नाव येईल त्यानं उठून हळद लावायची, ही रीत. रूपचंद हा खापरच्या त्या नवरदेवाचा मामा. चारुलताचा मामा छगन, तो हळदीची वाटी घेऊन तयारीत उभा होता. त्यानं बराच वेळ ऐकून घेतलं, मग वाटी खाली ठेवली आणि मोटरसायकलवर जाऊन बसला.

भूपेश मागोमाग धावला. "मामा, ते सॅम्पल शे."

"मंग तुन्हा सॅम्पललेच बलाव," छगनमामा म्हणाला.

या घरात मामाचं बोट लागल्याशिवाय दुसऱ्या कुणी हळदीला हात लावायचा नसतो. चारुलता रडकुंडीला आली. लग्नघरी मामा रुसून गेला, तर जन्मभर बोल लागणार. भूपेश मुकाट्यानं माइक घेऊन फुईसमोर उभा राहिला.

"मन्हा आवाजले काय नाव दिधं तू?" तिनं विचारलं.

"सोलफुल डीप टेक्नो."

"हळदना गाना म्हनाले लाज वाटस का?"

"चुकनू, फुई. ठोका बंद करू?"

"ऱ्हाऊ दे. नाचाले पायले बरा लागस."

तिनं माइक ओढून घेतला आणि छगनमामाला खड्या आवाजात हाक घातली. मामा उतरला, पण सगळ्यांनी पाहावं इतक्या सावकाश. मामाची हळद लागली, मग मामीची, काकांची, काकूची. मांडव फेर धरून नाचू लागला. भूपेश खुशीत येऊन बटणं फिरवत होता.

मग फुई गायली, 'भूपेश भाऊ, हळद लावा.'

भूपेश जागचा हलेना. इतकी लग्नं वाजवली, पण टेबलामागच्या माणसाचं नाव गाण्यात कधी आलं नव्हतं, आणि आज आपण भाऊ आहोत हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. फुई काही पुढच्या नावावर जाईना. शेवटी त्यानं टेबल सोडलं. चारुलताच्या गालाला हळद लावताना त्याला रडू फुटलं, आणि ठोका मागे एकटाच वाजत राहिला.