आत्याच्या गोळ्या

त्याला सगळे पुट्टी म्हणत. धंद्याने रंगारी, पण भेग भिंतीला असो की बोलण्यात, ती बुजवून वरून गुळगुळीत करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कामावर उशीर झाला की कारण तयार, आणि ऐकणाऱ्याला ते पटायचंही.

मग एकदा तो परांचीवरून पाठीवर आपटला. डॉक्टरांनी महिनाभराच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या. महिन्याने दुखणं गेलं, गोळ्या काही सुटल्या नाहीत. डॉक्टर देईनात, तेव्हा त्याने इकडून तिकडून मिळवल्या. शेवटी ज्या औषधाच्या दुकानाला दिवसा रंग दिला, त्यातच संध्याकाळी मागच्या खिडकीतून शिरला. चौकटीचा रंग अजून ओला होता. जगात दुसऱ्या कुणाला नाही तरी या शहाण्याला ते माहीत असायला हवं होतं. पोलिसांना शोधाशोध करावी लागली नाही. चौकटीवर दोन पंजे होते आणि याचे दोन्ही तळहात हिरवेगार.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, याची हमी कोण घेणार? आत्या काठी टेकत उठली. आई-बाप गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. आता हाडांच्या कॅन्सरने तिची तिलाच उभं राहणं जड झालं होतं.

"मी घेते," ती म्हणाली. "पोरगा आजारी आहे, साहेब. चोर नाही."

तुरुंगाऐवजी उपचार केंद्रात राहायचा हुकूम झाला. नियम मोडला तर मात्र थेट तुरुंग. पुट्टीने मान खाली घातली. लोकांना वाटलं, सुटल्यामुळे गहिवरला. खरं तर त्याला आत्याकडे बघवत नव्हतं.

कारण दुकानाआधी त्याने आत्याची डबी लुटली होती. तिच्या गोळ्याही त्याच जातीच्या. पाकिटातून गोळी सोडवणं तिच्या बोटांना जमत नसे, म्हणून त्या डबीत काढून ठेवायचं काम याचंच. हा खऱ्या गोळ्या स्वतः घ्यायचा आणि डबीत तशाच दिसणाऱ्या कॅल्शियमच्या भरायचा. आत्या उशीची कड दातांत धरून पडलेली असायची आणि हा शेजारच्या खोलीत सुखाने पेंगत असायचा.

केंद्रात लघवीची तपासणी व्हायची, तीही दारात माणूस उभा ठेवून. तिची लाज वाटे, पण ती अंगवळणी पडली. गटाच्या बैठकीत प्रत्येकाने आपली चूक सांगायची असे. याने हिरव्या हातांची गोष्ट अशी रंगवली, की सगळे पोट धरून हसले.

समुपदेशक बाई हसल्या नाहीत. "हे तर पोलिसांनाही माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्यांना माहीत नाही ते सांगा."

"तसं काही नाही हो, बाई."

काही महिन्यांनी त्याला घरी सोडायचं ठरलं. बाईंनी आत्याला बोलावून घेतलं. ती भिंत धरत आली, खुर्चीत बसून दम खात राहिली.

"तुमच्या घरात औषधं असतात," बाई म्हणाल्या. "हा तिथे राहिला तर चालेल ना?"

"माझ्या गोळ्यांना याने कधी हात लावला नाही," आत्या म्हणाली. बोलताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की घर, आणि घरात ती डबी.

"लावला, आत्या," तो म्हणाला. "तुझ्या गोळ्या मी खाल्ल्या. तुला दुसऱ्याच दिल्या."

"ठाऊक आहे. खरी गोळी कडू असते. तू दिलेली गोड लागली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू घर सोडून गेला असतास. डॉक्टरांना म्हटलं, दुखणं वाढलंय, गोळ्या वाढवून द्या. वाटलं, तुझं भागून एखादी मला उरेल."

डबीतल्या गोळ्या वाढल्या तो दिवस त्याला आठवला. आपलं नशीब फळफळलं, असंच तेव्हा त्याला वाटलं होतं. त्या वाढीव गोळ्याही त्यानेच संपवल्या होत्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. त्याने तोंड ओंजळीत लपवलं.

काठीवर भार देऊन आत्या त्याच्याकडे वळली.

"घरी ये," ती म्हणाली. "पण डबी आता शेजारच्या वहिनींकडे राहील. राग मानू नकोस, बाळा."