खंडेनवमीची हळद आणि माझी काचेची तार

माझ्या लहानपणी मेंढरं दुसऱ्याची, रान दुसऱ्याचं. पावसात भिजणं तेवढं आमच्या मालकीचं. मुठा खोऱ्यातल्या आमच्या घरात बल्ब एकच. जेवणं उरकली की बिबट्याच्या भीतीनं तो मेंढरांच्या वाड्यात लागायचा. त्यामुळं दहावीचा अभ्यास मी मेंढरांत बसून केला. पास मी एकटीच झाले.

पुढं पुण्यात पीएचडीला लागले. विषय फोटॉनिक क्रिस्टल फायबर. म्हणजे केसासारखी काचेची तार, आणि तिच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत अतिबारीक पोकळ नळ्या. लेसरच्या झोतातल्या प्रत्येक रंगाचा काचेतला वेग निराळा, म्हणून झोत वाटेत पसरतो. हे अपस्करण. वडिलांना मी सांगितलं, "आबा, शेळ्या पुढं पळत्यात, लंगडी मेंढी मागं ऱ्हाते, तसं." नळ्यांची मांडणी जमली तर कळप एकत्र राहतो, आणि एकवटलेला प्रकाश आपली तरंगलांबी, म्हणजे रंग, बदलतो. डोळ्यांना न दिसणारा आत घालायचा, हिरवा बाहेर काढायचा. माझी सगळी पीएचडी त्या हिरव्यावर अडली होती. तारेचा तुकडाही दुसऱ्या प्रयोगशाळेनं दिलेला, एकच.

खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असते. मी आई-आबांना बोलावलं आणि चहा सांगायला गेले. तेवढ्यात आईनं लेसरच्या पेटीला कुंकू लावलं. ते ठीक. मग मी दारात येते तोच तारेच्या उघड्या टोकाला हळदीच्या पाण्याचं बोट टेकवलं.

"अगं आई, काय केलंस!"

"तुजं हत्यार हाय न्हवं? मग त्याला हळद नगं व्हय?"

नळ्यांनी पाणी वातीसारखं ओढून घेतलं. लेसर लावला, हिरवं काही नाही. आबा म्हणाले, "मेंढरं पानी पिऊन बसली. आता हलायची न्हाईत."

माझ्या मार्गदर्शक सरांनी टोक सूक्ष्मदर्शकात पाहिलं. "हे पिवळं काय आहे?"

"हळद, सर."

सरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

भिजलेलं टोक छाटणं हाच उपाय. पण जास्त छाटलं तर रंग बदलायला तार पुरायची नाही. मी थोडं छाटायचं, नळ्या कोरड्या दिसतात का बघायचं, पुन्हा छाटायचं.

"आता नुसती शेपटी उरंल गं," आई पुटपुटली.

नळ्या कोरड्या दिसल्या. लेसर लावला. समोरच्या कागदावर हिरवा ठिपका पडला, कोवळ्या गवतासारखा.

आईनं हात जोडले. "बघ, हळदीनं केलं."

मी वाद घातला नाही. प्रबंधात मात्र हळद लिहिली नाही.

त्या उरलेल्या शेपटीवर माझी पीएचडी झाली. आमच्या घरातली पहिली पदवीधर मीच होते. पहिली डॉक्टरही मीच.